बोईसरचं सारवलेलं कोर्ट

कंपनीच्या कागदोपत्री माझा हुद्दा 'ग्राउंड अटेंडंट' असा होता. शिरगावात मात्र आई सगळ्यांना सांगायची, पोरगा बोईसरला कोर्टात आहे. तिचं खोटं नव्हतं, पण त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं मी रविवारी घरी गेलो की कुणी ना कुणी सातबाऱ्याचा उतारा घेऊन ओट्यावर बसलेला असे. भावकीच्या वाटणीत काय करावं, तारीख पुढे कशी ढकलावी, असले प्रश्न. मी सांगायचो, बाबांनो, माझ्या कोर्टात चेंडू आत पडला की बाहेर, एवढाच न्याय होतो. त्यांना वाटायचं, मी टाळतोय.

या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतल्या आठवणी' मागितल्या, तेव्हा आधी मी नको म्हणालो. बढत्या-बदल्या सांगाव्यात अशी माझी नोकरी नव्हती. तेहेतीस वर्षं मी एकच जागा झाडली, आणि त्यातली पहिली तेरा वर्षं तिची माती भिजवली आणि दाबली. पण त्या मातीवर अकरा वर्षं, दर जानेवारीत, देशातले नावाजलेले टेनिस खेळाडू खेळून गेले, हे आज बोईसरमध्ये कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ती स्पर्धा आमच्याकडून का गेली, हे तर कित्येक वर्षं मी सोडून एकाच माणसाला ठाऊक होतं. ते सांगायचं ठरलं, म्हणून लिहायला बसलो.

सत्तरच्या दशकात बोईसरला कारखाने येत होते. आमच्या कंपनीने कामगारांसाठी वसाहत बांधली आणि साहेबांसाठी क्लब. गुप्ते साहेब कारखान्याचे मॅनेजर. अंगाने स्थूल, पण संध्याकाळी साडेपाचला पांढरी विजार चढवून रॅकेट घेऊन हजर. त्यांच्या डोक्यात आलं की मद्रास-कलकत्त्याला होतात तशी बक्षिसाची स्पर्धा आपल्याकडे व्हावी, हौशी लोकांची नव्हे, खेळावरच ज्यांचं पोट आहे अशांची. मुंबईच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. बोईसर कुठे आहे, असं एकाने फोनवर विचारलं, तेव्हा साहेबांनी शांतपणे सांगितलं की पालघरच्या पुढे. पालघर कुठे, असं त्याने विचारायच्या आत फोन ठेवला.

स्पर्धा मिळाली ती एका अटीवर. कोर्ट मातीचं हवं, आणि दरवर्षी मुख्य पंच येऊन ते तपासणार. नापास झालं तर स्पर्धा दुसरीकडे. साहेब मला म्हणाले, "बाकी सगळं मी बघतो. माती तू बघ."

आता मातीचं कोर्ट म्हणजे काय ते सांगतो. खाली दगडाची खडी, तिच्यावर मुरूम, आणि सगळ्यात वर चाळलेल्या मातीचा दोन बोटं जाडीचा थर. सिमेंटवर चेंडू सणकन निघून जातो. मातीवर तो जरा थांबतो, उंच उठतो, खेळाडूला विचार करायला वेळ देतो. शिवाय चेंडू पडला की मातीवर वळ उठतो. वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरून वळ बघतात. खेळाडू मातीवर घसरत जाऊन चेंडू मारतात, त्यामुळे माती इतकी घट्ट हवी की उखडू नये आणि इतकी ओलसर हवी की धूळ उडू नये. पाऊस पडून गेल्यावर नांगराला माती चिकटत नाही आणि भुगाही होत नाही, अशी जी मधली अवस्था येते, तिला शेतकरी वाफसा म्हणतात. स्पर्धेचे आठही दिवस कोर्टाला वाफशावर ठेवायचं, हे माझं काम. शेतकऱ्याला वर्षातून एखादा आठवडा वाफसा साधायचा असतो, मला रोज दोनदा.

पहिल्या वर्षी मला ते अजिबात जमत नव्हतं. सफाळ्याच्या भातशेतातली चिकण माती आणली, ती भेगाळली. वाळू मिसळली, तर उडाली. दसरा होऊन गेला आणि कोर्टाचा पत्ता नव्हता. तेव्हा ठेकेदाराकडे मजुरीला येणारी रखमी एक दिवस घमेलं खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. डोंगरपट्टीतल्या एका पाड्यावरची वारली बाई, माझ्याच वयाची, म्हणजे पंचविशीची. ती कुणालाही तूच म्हणायची, मला आणि गुप्ते साहेबांनाही. ती म्हणाली, हा तर खळा हाय, तुला खळा करता येत नाय काय?

तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. भात झोडायला दरवर्षी शेतात जे खळं करतात, तेच तर मला करायचं होतं, फक्त मोठं आणि मधोमध जाळी बांधलेलं. रखमीने वारुळाची माती आणवली. ती चिकण मातीत कालवली, पाणी मारलं आणि दोन दिवस कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टाच रोवून बघितली आणि म्हणाली, आता दगड फिरवा. चार माणसांनी रोलर ओढला. मग शेण फडक्यातून गाळून पातळ काला केला आणि शिंदीच्या झाडूंनी सारवण. एक हात, सुकू द्यायचं, दुसरा हात, सुकू द्यायचं, तिसरा हात. तिसऱ्या हातानंतर कोर्टावर एक कातडी धरायची, हिरवट तपकिरी, तळव्याला गार लागणारी. तिच्या पाड्यावरच्याच काय, आजूबाजूच्या चार पाड्यांवरच्या बायका खळं सारवायला रखमीला बोलावत. तिच्या हाताचं खळं उखडत नाही असा लौकिक होता. तो तिने माझ्या कोर्टाला दिला.

मुंबईच्या पंचांनी वास घेतला आणि रुमाल काढला. पण चेंडू टाकून बघितल्यावर रुमाल खिशात गेला. कोर्ट पास झालं.

त्याच वर्षीची गोष्ट. पहिल्या मानांकनाचा खेळाडू कलकत्त्याचा, सेनबाबू. उंच, सडपातळ, पोरसवदा, सहा रॅकेटांची पिशवी खांद्यावर. तो सरावाला आला तर रखमी फाटकात आडवी. म्हणाली, "पायतान भायेर काढ. खल्यावर पायतान नाय चालं." खळ्यावर धान्य येतं, तिथे चपला घालून जायचं नाही, ही तिच्याकडची रीत. कोर्ट म्हणजे खळं हे तिनेच मला पटवलं होतं, आणि आता ती ते पुरतं पाळत होती. मी धावत गेलो, पण सेनबाबूला वाटलं, इथे असा नियमच असेल. त्याने मुकाट्याने बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी कोर्टात गेला. बेसलाइनवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, टाच दाबून बघितली, परत आला आणि मला हिंदीत म्हणाला, पायाला कळलं आज चेंडू किती उठेल ते.

पुढे दरवर्षी सेनबाबू पहिल्या दिवशी आणि प्रत्येक सामन्याच्या सकाळी अनवाणी फेरी मारायचा. बाकीचे हसायचे, नंतर त्यातले दोघे-चौघे स्वतःच बूट काढून चालायला लागले. रखमीची समजूत मात्र शेवटपर्यंत पटली नाही. सामना सुरू झाला की ती पाठ फिरवून बसायची. बूट घालून खळ्यावर नाचणारी माणसं तिला बघवत नसत.

ते जानेवारी आठवले की अजून जीव कासावीस होतो. आठ दिवस वसाहतीला जत्रेची कळा असे. मुरब्याहून पापलेट यायचं, गेस्ट हाउसचा आचारी खेळाडूंना ते तिखटात तळून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सामना निम्म्यावर यायच्या आत पाण्याचे तांबे संपायचे. बांबूंचा स्टँड बांधलेला, पाळी सुटलेले कामगार डबे घेऊन तिथे बसत आणि गुण मोजायची ती अजब पद्धत, पंधरा, तीस, चाळीस, यावर पैजा लावत. एकदा सकाळी ओल्या कोर्टावर बगळा चालून गेला, थेट सर्व्हिसच्या चौकटीत तीन-तीन बोटांचे ठसे. गुप्ते साहेबांना घाम फुटला. रखमीने ओल्या हाताने ते ठसे असे पुसले की मलाही जागा सापडेना. मद्रासचा एक खेळाडू हरला की मातीला शिव्या द्यायचा आणि जिंकला की तिला हात लावून कपाळी न्यायचा, मी दोन्हीची नोंद ठेवत असे. आणि चेंडूचा तो आवाज. सिमेंटवर चेंडू टणकतो, सारवलेल्या मातीवर तो बोलतो. सकाळी सातला सराव सुरू झाला की क्वार्टरमध्ये चहा घेताना मला आवाजावरून कळायचं, आज वाफसा बरोबर आहे. आता घरी पहाटे जाग येते आणि मी उगाच कान देऊन पडून राहतो.

अकराव्या वर्षी सगळं फिसकटलं.

त्या वर्षी ठेकेदाराने बायकांची टोळी दिवाळीनंतर वसईकडे वीटभट्टीवर नेली. रखमीला माझ्यासाठी मागे राहावं लागलं आणि तिच्या हाताखाली तीनच बायका उरल्या. सारवणाचे तीन हात द्यायचे तिथे एकच झाला. त्यात स्पर्धेच्या आठवड्यात डोंगराकडून कोरडा वारा सुटला. तिसऱ्या दिवसापासून धूळ उडायला लागली. शनिवारी उपांत्य सामना संपला तेव्हा खेळाडूंचे मोजे गुडघ्यापर्यंत मातकट झाले होते. मुख्य पंच नवीन होते, कडक. त्यांनी गुप्ते साहेबांना बाजूला घेतलं. साहेब माझ्याकडे आले ते पांढरेफटक पडून. म्हणाले, "उद्या अंतिम सामन्यात धूळ दिसली तर पुढच्या वर्षी स्पर्धा नाही. ते तसं लिहून देणार आहेत."

धूळ धरून ठेवायला कोर्टाला मीठ घालतात, हे माझ्या धंद्यातले सगळे जाणतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. पण ते सारवायच्या आधी, मातीत, मूठभर. मी रखमीला विचारलं. ती म्हणाली, "नको. सारवनाखाली मीठ गेला का कातडी सुटं." तिचा उपाय वेगळा होता. संध्याकाळी हलकं पाणी मारायचं, सकाळी पुन्हा एकदा पाणी मारून वर ओली गोणपाटं अंथरायची आणि सामन्याच्या तोंडावर ती काढायची. जमतील तेवढी गोणपाटं ती आपल्या पाड्यावरून आणि वाटेतल्या दुकानांतून गोळा करून पहिल्या एसटीने आणणार होती. साडेपाचच्या गाडीने ती गेली.

तिच्यावर मी भरवसा ठेवायला हवा होता. दहा वर्षं ठेवला होता. पण त्या संध्याकाळी मला दिसत होता तो नुसता पंचांचा अहवाल. गोणपाटं पुरली नाहीत तर? एसटी चुकली तर? दिवेलागणीच्या सुमारास मी खाडीवरच्या मिठाची दोन पोती टाकीत रिकामी केली, ढवळलं आणि पाइपाने सगळं कोर्ट भिजवलं. एक मूठ कुठे आणि दोन पोती कुठे. शिरगावचा माणूस, खाऱ्या पाण्यात वाढलेला, आणि खारट मातीत भाताची काय गत होते ते लहानपणापासून पाहिलेला. तरी हात थांबला नाही.

रविवारी सकाळी कोर्ट इतकं सुंदर दिसत होतं की मुख्य पंचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. गडद, गार, धुळीचा कण नाही. रखमी डोक्यावर गोणपाटांचा भारा घेऊन आली आणि फाटकातच उभी राहिली. तिने विचारलं, पाणी कवा मारला. मी म्हटलं, काल संध्याकाळी, थोडंसं. तिने भारा तसाच फाटकाशी उतरवला.

अंतिम सामन्यात एका बाजूला सेनबाबू होता. चौतीस वर्षांचा झाला होता. ही त्याची शेवटची स्पर्धा, हे त्याने आदल्या दिवशी मला एकट्याला सांगितलं होतं. पहिली जिंकली तिथेच शेवटची जिंकायची होती त्याला. नेहमीप्रमाणे अनवाणी फेरी मारून तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "आज नरम लग रहा है, भाऊ। कुछ नया किया?"

त्याच्या पायाला कळलं होतं. मी त्याला म्हटलं, "नहीं बाबू, वही है।"

दुसऱ्या सेटमध्ये ऊन चढलं आणि बेसलाइनजवळ पापड सुटावेत तसे पोपडे सुटायला लागले. खालची माती साबणासारखी झाली होती. सेनबाबू एका कोपऱ्यातल्या चेंडूसाठी घसरत गेला, पाय जिथे थांबायला हवा तिथे थांबला नाही आणि डावा गुडघा आत वळला. तो रॅकेट छातीशी धरून तसाच आडवा झाला. त्याला आम्ही बाकड्यावर घालून गाडीपर्यंत नेलं. बाकड्याचा एक कोपरा माझ्या खांद्यावर होता. तो पुन्हा खेळला नाही.

अर्ध्या तासात क्लबच्या व्हरांड्यात बैठक बसली. पंच म्हणाले, हे शेणाचं थोतांड आता पुरे, त्या बाईने शेण जास्त टाकलं म्हणूनच पाय घसरला. गुप्ते साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तू सांग. शेण जास्त झालं का?"

माझी दोन मुलं शाळेत होती. क्वार्टर कंपनीचं होतं. ही कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मनात काहीच नव्हतं, फक्त भीती. मी म्हणालो, "असेल, साहेब."

रखमीला उद्यापासून काम नाही, हे सांगायला साहेबांनी मलाच पाठवलं. तिने विचारलं, माझं काय चुकलं. मी म्हटलं, साहेबांचा हुकूम आहे. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि गेली. त्यानंतर चार दिवस ती पहिल्या एसटीने येऊन क्लबच्या फाटकाबाहेर बसायची आणि साडेपाचच्या गाडीने परत जायची. मला वाटलं, काम परत मिळावं म्हणून बसते. मी मागच्या दाराने ये-जा केली. पाचव्या दिवशी ती आली नाही.

स्पर्धा दुसऱ्या शहरात गेली. दोन पावसाळ्यांनी साहेबांचीही बदली झाली आणि नव्या साहेबांनी कोर्टावर सिमेंट ओतलं. मी उरलेली वर्षं ते सिमेंट झाडलं. सिमेंटला वाफसा लागत नाही, त्याला माझी काहीच गरज नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी सेनबाबूला कलकत्त्याच्या जुन्या पत्त्यावर सगळं खरं लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही, पत्रही परत आलं नाही. गुप्ते साहेब तोवर वारले होते. मग मागच्या वर्षी, भात कापणीच्या दिवसांत, एकदाचा धीर करून रखमीच्या पाड्यावर गेलो. विचारत विचारत घर सापडलं. ती कुडाला टेकून वाल सोलत बसली होती. केस पांढरे, उजवा हात खांद्यापाशी आखडलेला. तिने मला लगेच ओळखलं आणि बस म्हणाली.

मी पाठ करून गेलो होतो. तरी तिसऱ्या वाक्याला अडखळलो. मीठ, म्हटलं, आणि पुढे जाईना.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तवाच पोपडा उचलून जिबेला लावला. खारट."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस.

"माजा कोन ऐकनार व्हता? तू सांगशील असा वाटला. चार दिस फाटकाशी बसलू ना."

मग तिने वाल सोलता सोलताच सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. रखमीच्या सारवणावर बोईसरला एका माणसाचा पाय मोडला, ही बातमी ठेकेदाराच्या माणसांबरोबर पाड्यापाड्यांवर गेली होती. त्या वर्षीपासून तिला कुणी खळं सारवायला बोलावलं नाही. तिच्या सख्ख्या भावजयीनेही दुसरी बाई आणली. मजुरी तिला दुसरीकडे मिळाली, त्याचं काही नाही म्हणाली. पण दरवर्षी कापणीनंतर बाकीच्या बायका शेणाच्या पाट्या घेऊन निघायच्या आणि ती घरात बसायची.

मी रडलो. साठी उलटलेला माणूस परक्या अंगणात बसून रडतो ते बरं दिसत नाही, पण रडलो. म्हटलं, रखमीबाय, माझं चुकलं.

"मला काय सांगतंस," ती म्हणाली. "मला ठावं हाय. ज्यांना नाय ठावं त्यांना सांग. ऊठ."

ती उठली आणि चालू लागली. मी तिच्या मागून. पाड्याच्या पलीकडे एका शेतात सात-आठ बायका नवीन खळं सारवत होत्या. निम्म्या तर तेव्हा जन्मलेल्याही नसतील. रखमीने त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी उभा राहून सगळं सांगितलं. स्पर्धा, वारा, दोन पोती मीठ, आणि साहेबांना दिलेलं उत्तर. पोरी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक म्हातारी झाडू टेकून म्हणाली, आता सांगून काय उपेग, आता हिचा हात नाय उठं.

"हात नाय उठं," रखमी म्हणाली, "पन कान हायेत ना."

मग तिने बांधावर बसलेल्या, तिच्याहूनही थकलेल्या एका बाईकडे बघितलं. ती तिची भावजय होती. रखमी माझ्याकडे वळली. "तिला आयकू नाय येत. जवल जा, नि परत सांग. मोठ्यान."

मी बांधाशी गेलो, भावजयीच्या कानापाशी वाकलो आणि सगळा पाडा ऐकेल इतक्या मोठ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.